निवड समिती काय पाहते?

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



निकाल लागले की आपल्या आळीत एक प्रश्न घरोघर निघतो. शिष्यवृत्ती अमक्याच्या मुलाला मिळाली, आमच्या मुलीला का नाही? उत्तरे ठरलेली असतात. कोणी म्हणते गुण कमी पडले, कोणी म्हणते वशिला नव्हता. वशिल्याविषयी मी आज बोलत नाही. तो विषय निराळा, आणि लांबचाही. परंतु एका लहानशा निधीच्या निवड समितीवर मी बरीच वर्षे बसत आले आहे, तेव्हा त्या टेबलाच्या पलीकडून काय दिसते ते आपणांस सांगावे, असे चिटणीसबाईंचे म्हणणे पडले.

केवळ गुणांवर मिळणाऱ्या शिष्यवृत्त्या आहेतच. १९१२ साली मॅट्रिकला पहिल्या आलेल्या चिंतामणराव देशमुखांना संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. तेथे यादी पाहिली की काम झाले. पाच माणसांनी चहा पीत बसण्याचे कारण नाही. समिती बसते ती गुणांनी निकाल लागत नाही म्हणून. अर्जांच्या गठ्ठ्यात वरची जी मुले असतात, त्यांच्या गुणांत कित्येकदा एका टक्क्याचेही अंतर नसते. गुण मुलाला दारापर्यंत आणून सोडतात. दाराच्या आत प्रश्न वेगळा असतो: हा पैसा कोणाच्या हाती पडला म्हणजे त्याचे काहीतरी होईल, आणि कोणाला तो न मिळाल्यास शिक्षण खरोखरच अडेल?

हा प्रश्न जुनाच आहे. जमशेटजी टाटांनी १८९२ साली परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी काढला, तो देणगीचा नव्हे, कर्जाऊ शिष्यवृत्तीचा. शिकलेल्याने पैसे परत करावे आणि ते पुढच्याच्या उपयोगी पडावे, अशी ती योजना. आणि भगिनींनो, त्या निधीतून पहिल्यांदा ज्या दोघी गेल्या त्या डॉक्टर स्त्रिया होत्या, फ्रेनी कामा आणि आपल्या कृष्णाबाई केळवकर. १९१३ साली बडोदे संस्थानने भीमराव आंबेडकरांना अमेरिकेतील शिक्षणासाठी महिना साडेअकरा पौंड तीन वर्षे देऊ केले, तेव्हा परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याची अट घातली होती. देणारा नेहमी पुढचे पाहतो.

आता आमच्या खोलीत या. प्रथम कारकून अपुरे अर्ज बाजूला काढतो. सही नाही, दाखला नाही, गुणपत्रिकेची नक्कल नाही. किती चांगली मुले येथेच गळतात ते पाहून जीव हळहळतो. पण मला आज बोलायचे आहे ते अर्जातल्या एका ओळीविषयी. ‘आईचा व्यवसाय.’ दहांतल्या आठ अर्जांत तेथे ‘गृहिणी’ असते, नाहीतर नुसती रेघ.

एकदा एक मुलगी मुलाखतीला आली. गुण चांगले, पण तिच्या बरोबरीच्या मुलाचे दोन टक्के जास्त. आई काय करते, असे विचारले तर म्हणाली, “काही नाही, घरीच असते.” तिच्या वर्गशिक्षिकेचे पत्र मात्र सोबत होते. त्यात लिहिले होते की आई खानावळीसाठी रोज पन्नास पोळ्या करून देते, पहाटेची कणीक ही मुलगी मळते, आणि तरीही तीन वर्षांत तिची गणिताची वही एकदाही अपुरी नव्हती. मग आम्ही विचारू लागलो. मुलगी आधी लाजली, मग हिशेब सांगू लागली: किलोला किती पोळ्या, पीठ किती, गॅस किती, हाती काय उरते. इतके स्वच्छ गणित त्या दिवशी दुसऱ्या कोणी सांगितले नाही. समितीत वाद झाला. एक सभासद म्हणाले, दोन टक्के म्हणजे दोन टक्के. शेवटी तीन विरुद्ध दोन अशा मतांनी शिष्यवृत्ती तिला मिळाली. ते पत्र नसते तर मिळाली नसती. अर्जात तर रेघच होती.

ही रेघ मुलांना कोण शिकवते? आपणच. “लोकांना सांगू नकोस हो,” असे आपण म्हणतो. आपल्या कष्टांची आपल्याला लाज वाटते, आणि समितीला नेमके तेच पाहावयाचे असते.

शिफारसपत्रांचे तर विचारूच नका. ‘हुशार, मनमिळाऊ व आज्ञाधारक’ हे तीन शब्द मी इतक्या वेळा वाचले आहेत की आता डोळा त्यांवरून घसरतो. शिक्षकांना विनवावे, की एकच गोष्ट लिहा पण पाहिलेली लिहा.

मुलाखतीत पाठ केलेले भाषण लगेच ओळखू येते. “मला देशसेवा करावयाची आहे,” असे म्हणणाऱ्याला “म्हणजे काय करणार?” एवढे विचारले की गाडी थांबते. “ठाऊक नाही, पण शोधीन,” असे सरळ सांगणारे मूल आम्हांला आवडते. १९६३ साली दिल्लीत विज्ञानातील प्रज्ञाशोध परीक्षा सुरू झाली, तिच्यात लेखी उत्तरांबरोबर मुलाने स्वतः केलेल्या कामाचा अहवाल असे आणि मुलाखतही असे. त्यामागचा हेतू हाच, की स्वतःच्या हाताने काय केले ते बोलताना मूल अडखळत नाही.

समित्या चुकत नाहीत, असे मात्र समजू नका. इस्त्रीचे कपडे आणि घडघडीत इंग्रजी यांना त्या भुलतात. मुलींना “लग्न ठरले तर शिक्षण सोडाल का?” असे विचारणारेही सभासद असतात; मुलाला ते कधी विचारीत नाहीत. आमच्या समितीत हा प्रश्न कोणालाच विचारावयाचा नाही, असा ठराव मी मांडला. तो मंजूर व्हायला दोन बैठका लागल्या. परंतु खरे सांगू? त्या प्रश्नाने जेवढ्या मुली मागे पडत असतील, त्याहून अधिक मला टेबलापर्यंत आलेल्या दिसतच नाहीत. भावाचा अर्ज येतो, बहिणीचा येत नाही.

ज्यांच्या घरी आठवीतले मूल आहे त्यांनी एवढे टिपून घ्यावे. आर्थिक दुर्बल घटकांसाठी केंद्र सरकारची एक शिष्यवृत्ती २००८ पासून आहे. परीक्षा आठवीत होते. आपल्याकडे ती पुण्याची परीक्षा परिषद घेते. सरकारी, अनुदानित आणि नगरपालिका-जिल्हा परिषदांच्या शाळांतील मुलांना बसता येते. सातवीत ५५ टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातींना ५० चालतात, आणि घरचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे. निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला बारा हजार रुपये. येथे मुलाखत नाही. अर्ज शाळेमार्फत जातो, म्हणून मुख्याध्यापकांना आपण होऊन विचारावे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढावयास दिवस लागतात, आणि त्याच सुमारास सगळ्यांचीच गर्दी होते. तेव्हा शाळा उघडण्याची वाट पाहू नये. शिधापत्रिका आणि आधार कार्ड यांवरील नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, तेही आजच घरी गेल्यावर पाहून ठेवा.