बंडी उलाळ होऊ नये म्हणून



माझा मुलगा पुण्यात नोकरी करतो. मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस त्याचा फोन आला. "अब्बा, आपण एक कॅरॅव्हॅन घेऊ या. कच्च्या रस्त्यावरही चालेल अशी. दादीला घेऊन सगळेच फिरू." कॅरॅव्हॅन म्हणजे मोटारीच्या मागं जोडायचं चाकांवरचं घर, हे त्यानं समजावून सांगितलं. आत झोपायला जागा, स्वयंपाकाचा ओटा, संडास. मग त्यानं किंमत सांगितली आणि मी फोन या कानाचा त्या कानाला लावला. निम्मे पैसे तो कर्ज काढून उभे करणार होता. उरलेले निम्मे माझ्या फंडातून. अठ्ठावन्न पूर्ण करून मी नुकताच कारकुनीतून मोकळा झालो होतो. जन्मभराच्या नोकरीची तेवढीच शिल्लक. नाही म्हणणं सोपं होतं, पण पोरानं दादीचं नाव घेतलं होतं.

माझी अम्मी ७८ वर्षांची आहे. गुडघे गेले आहेत, साखरेचा आजार आहे. तासा-दीड तासानं तिला उठावं लागतं आणि खाली बसणं जमत नाही. २०१९ साली आम्ही एका लग्नाला नागपूरला निघालो होतो. वाटेत एका ढाब्यावर थांबलो. तिथला संडास तीन पायऱ्या चढून वर, आणि तोही खाली बसायचा. त्या दिवशी तिची फजिती झाली. घरी आल्यावर तिनं आपली साडी स्वतःच धुतली, सुनेला हात लावू दिला नाही. तेव्हापासून ती कुठं मुक्कामाला गेली नाही. कुणी बोलावलं की म्हणायची, "तुम्ही जा, मी घर राखते." ही गोष्ट आज तिच्या परवानगीनं सांगतो आहे. तिचं म्हणणं असं की घरोघरी म्हाताऱ्या आहेत, ऐकू दे लोकांना.

मुलाला कॅरॅव्हॅन हा शब्द नवा वाटला. खरं तर तो आपलाच पाहुणा आहे. फारसीतला कारवाँ युरोपात गेला, इंग्रजीत कॅरॅव्हॅन झाला. त्याचं शेपूट तोडून त्यांनी व्हॅन केली आणि तीच व्हॅन आज आपल्याकडे शाळेची पोरं ने-आण करते. शब्दही मुक्काम करत करत घरी परत येतात.

आणि वस्तू म्हणाल तर तीही माझ्या ओळखीची. माझे अब्बा पिंजारी होते. दसरा झाला, कापूस घरी येऊ लागला की आमची बंडी निघायची. राळेगाव, झाडगाव, वाढोणा बाजार, वडकी. गावाबाहेर चिंचेखाली बंडी सोडायची, पिंजणाची धनुकली टांगायची आणि लोकांच्या जुन्या गाद्या-रजया उसवून कापूस पिंजून द्यायचा. बांबूच्या कमट्या वाकवून वर तट्ट्या आणि त्यावर जुनी सतरंजी टाकली की आमचं छप्पर झालं. आखाजवळ कंदील, बाजूला पाण्याची छागळ. महिना-दीड महिना आम्ही पाच माणसं त्या बंडीच्या आत, नाही तर खाली झोपायचो. दूरच्या मुलखात कुटुंबासह फिरण्याचं वाहन म्हणतात ते हेच. फक्त त्याला माहितीपत्रक नव्हतं.

त्या बंडीत सामान लावायचं काम अम्मीचं. अब्बांनी लावलेलं सामान ती निमूटपणे उतरवायची आणि पुन्हा लावायची. आपल्याकडे गाडीवानाच्या भाषेत दोन शब्द आहेत. ओझं मागं जास्त झालं तर जू वर उचललं जातं आणि बैलाच्या गळ्याला फास बसू लागतो. ती बंडी उलाळ. ओझं पुढं जास्त झालं तर जू बैलाच्या मानेवर बसतं, मान सोलून निघते. ती धुरजड. अम्मी जू हातानं उचलून बघायची, एक पेटी पुढं सरकवायची, पुन्हा उचलून बघायची. तिचं समाधान झालं की मगच बैल जुंपायचे.

दिवाळीत मुलगा घरी आला. त्यानं लॅपटॉपवर चित्रं दाखवली. बहुतेक ऑस्ट्रेलियातली. तिथं शेकडो किलोमीटर वस्ती नाही, रस्ते मातीचे, म्हणून उंच चाकांची, जाड सांगाड्याची अशी घरं लोक मोटारीमागं ओढत नेतात. अम्मी चष्मा लावून बघत होती. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "हे उलाळ होत नाही का?"

मुलगा माझ्याकडे बघू लागला. नेमकी हीच गोष्ट त्यानं वाचली होती, फक्त दुसऱ्या शब्दांत. मागच्या घराच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा मोटारीच्या जोडावर पडावा लागतो. त्याहून फार कमी पडला तर वेगात ते घर शेपटीसारखं डुलू लागतं आणि पुढची मोटारही रस्त्यावरून भरकटते. जास्त पडला तर मोटारीची मागची बाजू दबते आणि पुढच्या चाकांची पकड सुटते. म्हणजे उलाळ आणि धुरजडच की!

मग आम्ही वही घेऊन बसलो. समजा, घराचं भरल्यावरचं वजन १,५०० किलोच्या आत ठेवायचं आहे आणि रिकामं घरच १,१५० किलोचं आहे. उरले ३५०. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. सहा माणसांचं पिणं, स्वयंपाक आणि संडास धरून टाकी १५० लिटरची. उरले २००. अंथरुणं-पांघरुणं, बॅटरी, सिलिंडर, शिधा, भांडी, जादा चाक, हत्यारं. वहीतली बेरीज २०० च्या पुढं गेली तेव्हा नातवंडांच्या सायकली, खुर्च्या आणि चांदणीचा तंबू अजून बाहेरच होता. अम्मी आमच्या घरगुती बोलीत म्हणाली, "जितना बैल खींचे, उतनाच रखना." आणि बैल किती ओढतो, तेच आम्हाला ठाऊक नव्हतं! मुलाच्या मोटारीच्या पुस्तिकेत ओढण्याच्या वजनाचा आकडाच दिलेला नव्हता. तो आकडा कंपनीकडून लेखी घेतल्याशिवाय मागं काहीही जोडायचं नाही, असं त्या रात्री ठरलं. घेणाऱ्यानं आणखी एक करावं. सगळं सामान भरून घर एकदा वजनकाट्यावर न्यावं. आपल्या कापसाच्या मुलखात काट्यांना तोटा नाही.

विजेचं गणितही त्याच वहीत झालं. छतावर २०० वॅटचं सौर पॅनल लावलं तर चांगल्या उन्हात दिवसाला एक युनिटच्या आसपास वीज मिळते. त्यावर दिवे, पंखा, फोन चालतील. वातानुकूलन यंत्र तेवढी वीज तासा-दोन तासांत खाऊन टाकतं. म्हणजे यवतमाळच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीकडे जातो तेव्हा, हे पत्र्याचं घर राहायच्या कामाचं नाही. आमची बंडीही उन्हाळ्यात सुटलेलीच असायची.

आता रस्ता. आपली काळी जमीन पाणी प्याली की फुगते. पहिल्या पावसानंतर पांदणीत बंडीचं चाक दोन वावरं ओलांडेपर्यंत चिखलानं बैलाच्या पायाएवढं जड व्हायचं. तरी बंडीचं चाक माणसाच्या छातीला लागेल एवढं उंच, त्यामुळे पोट चिखलाला टेकत नसे. मोटारीमागच्या घराचं पोट किती उंच आहे, त्याखालचे पाण्याचे नळ झाकलेले आहेत का, मागची बाजू नाल्यातून वर चढताना घासेल का, हे बघून घ्यावं. मऊ जमिनीत चाकातली हवा थोडी कमी केली की चाक पसरतं आणि रुतत नाही. पण डांबरी रस्त्यावर येताच ती पुन्हा भरावी लागते. म्हणून पंप जवळ हवा. आणि मागं घर जोडलेली मोटार उलटी घेणं हा वेगळा अभ्यास आहे. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की घर उजवीकडे जातं. बैलांनाही मागं सरकणं आवडत नाही. तेव्हा अब्बा खाली उतरून चाकाला खांदा द्यायचे.

काही जण सांगतात, कशाला एवढा खर्च, जुनी गाडी घ्या आणि सुताराकडून आत पलंग बसवून घ्या. श्रोतेहो, घाई करू नका. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदलेल्या वाहनात परवानगीशिवाय मूळ रचनेचा बदल करता येत नाही. मागं जोडायच्या ट्रेलरलाही नोंदणी लागते. आधी आरटीओत विचारावं, मग सुताराकडे जावं.

अम्मीचा शेवटचा प्रश्न होता, "रात्री थांबायचं कुठं? कुणाला विचारून?" पुस्तकी माहितीत हा प्रश्न बहुधा शेवटी येतो. आमच्या बंडीत तो पहिला असायचा. गावाच्या शिवेवर बंडी उभी करून अब्बा आधी पाटलांकडे जायचे. जागा कुणाची, पाणी कुठलं, बैल कुणाच्या धुऱ्यावर चारायचे, हे विचारून यायचे. पुष्कळदा परत येताना हातात भाकरी आणि मिरचीचा ठेचा असायचा. राज्य सरकारनं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं. पाणी, वीज, सांडपाण्याची सोय असलेले तळ उभे राहावेत, अशी त्यात कल्पना आहे. तळ नसेल तिथं अब्बांचीच रीत चालवावी लागेल. आणि जंगलात विचारूनही भागत नाही. टिपेश्वरचं सुमारे १४८ चौरस किलोमीटरचं अभयारण्य वाघाचं घर आहे. तिथं मनाला येईल तिथं चूल मांडता येत नाही. संडासाची टाकीसुद्धा नाल्यात रिकामी करायची नसते. खालच्या गावाला तोच नाला प्यायला असतो.

सगळं ऐकून मुलगा गप्प झाला. मग त्यानं शहाणपणाची गोष्ट केली. विकत घ्यायच्या आधी भाड्यानं घेऊन बघायचं ठरवलं. मागं ओढायचं नव्हे, आतच घर असलेलं एक वाहन डिसेंबरात तीन दिवसांसाठी मिळालं. "दादी, कुठं जायचं?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "गिरड."

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात गिरडला टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. सगळ्या धर्मांचे लोक तिथं जातात. आमच्या पिंजणाच्या फेरीचा शेवट काही वर्षी तिथंच व्हायचा. वडकीहून वर्धा नदी ओलांडायची, पुढं हिंगणघाट, समुद्रपूर आणि गिरड. बंडीला वाटेत तीन मुक्काम लागत. या वेळी आम्ही सकाळी निघून दुपारी पोचलो. वाटेत अम्मीसाठी चार वेळा थांबलो आणि तिला एकदाही कुणाला काही विचारावं लागलं नाही. अडचणीही कळल्या. पायरी फार उंच होती, स्टूल ठेवावं लागलं. संडासाचं दार अरुंद होतं, तिला आडवं होऊन शिरावं लागलं. माहितीपत्रकातल्या कुठल्याही चित्रात हे दिसलं नसतं.

टेकडी तिला चढवली नाही. पायथ्याशी खुर्चीत बसून तिनं नातवंडांना तिथली जुनी कथा सांगितली. पूर्वी बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मीठ, धान्य, किराणा मुलूखभर न्यायचे. त्याला ते लदेणी म्हणत. रेल्वे आणि सडका आल्यावर ती बसली. तर असे दोन बंजारे व्यापारी इथं आले आणि त्यांनी बाबांची थट्टा केली. तत्क्षणी त्यांचा सगळा माल दगड झाला. त्यांनी माफी मागितली तेव्हा बाबांनी वाळक्या पानांपासून नवा माल करून दिला. ते व्यापारी मग बाबांच्या सेवेत तिथंच राहिले. टेकडीवर सापडणारे गोल खडे म्हणजे तो दगड झालेला माल, अशी श्रद्धा आहे. काळ्या खडकाच्या पोकळ्यांत खनिजं साचून असे खडे बनतात, असं भूगर्भशास्त्र सांगतं. लहानपणी मला त्या कथेतल्या बैलांची काळजी वाटायची. पाठीवरचं ओझं एकदम दगड झालं तेव्हा त्यांचं काय झालं असेल?

आम्ही कॅरॅव्हॅन अजून घेतलेली नाही. फंडाचे पैसे बँकेत आहेत. मुलाची यादी आता एका पानाची झाली आहे. पायरी खाली, दार रुंद, बसायचा संडास, पुरेसं पाणी. बाकीचं मिळालं तर मिळालं. तसं वाहन सापडेपर्यंत वर्षातून एकदा भाड्यानं घ्यायचं ठरलं आहे. आणि अम्मी, जी सहा वर्षं घर राखत होती, ती आता विचारते, "पुढं कुठं?"

गिरडहून निघताना नातवानं दोन्ही खिसे खड्यांनी भरले होते. अम्मीनं ते चाचपले, सगळे काढायला लावले आणि एक त्याच्या हातावर ठेवून म्हणाली, "एवढा पुरे, बाबू. बंडी उलाळ होईल."