पाय ताठ होतात तेव्हा : गांजाच्या झाडाचं औषध आणि चार आठवड्यांची परीक्षा

मागच्या भागात आपण मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएसबद्दल बोललो. त्यानंतर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला : गांजापासूनचं औषध खरंच लागू पडतं का? हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही बरं का. घरात कुणाचे तरी पाय रात्री लाकडासारखे ताठ होतात, पेटक्यांनी झोप मोडते, म्हणून विचारलेला आहे.

एमएसमध्ये मज्जातंतूंवरचं आवरण झिजतं. स्नायूंना ‘सैल हो’ सांगणारा मेंदूचा निरोप नीट पोचत नाही. गांजाच्या झाडातला टीएचसी हा घटक मज्जातंतूंमधली संदेशांची गर्दी कमी करतो. टीएचसी आणि सीबीडी जवळपास समप्रमाणात असलेला ‘सॅटिव्हेक्स’ हा तोंडात मारायचा फवारा ब्रिटनमध्ये २०१० साली मंजूर झाला.

आता गंमत बघा. त्याआधी, २००३ मध्ये, तिथेच सहाशेहून जास्त रुग्णांवर गांजाच्या घटकांच्या कॅप्सूलचा अभ्यास झाला होता. डॉक्टरांनी हातपाय हलवून ताठरपणा मोजला, तर ठोस फरक नाही. रुग्ण मात्र म्हणाले, बरं वाटतंय. खरं कुणाचं? पेच असा, की आपल्याला खरं औषध मिळालंय हे बऱ्याच रुग्णांनी ओळखलं होतं.

२०१९ मध्ये ‘नाइस’ या तिथल्या संस्थेने व्यवहारी वाट काढली. नेहमीची औषधं पुरत नसतील, तर हा फवारा चार आठवडे द्या. रुग्णाने स्वतः शून्य ते दहामध्ये त्रास मोजायचा. निदान २० टक्के उतार पडला तरच पुढे चालू, नाहीतर बंद. म्हणजे ८ चा आकडा ६.४ पर्यंत तरी यायला हवा. दीर्घकाळच्या दुखण्यासाठी मात्र हा फवारा देऊ नका, असंही त्यांनी सांगितलं. ताठरपणा वेगळा, दुखणं वेगळं.

चक्कर येते, गुंगी येते. तोल आधीच जात असेल, तर पडण्याची भीती. घरात कुणाला सायकोसिस असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा. आणि भांगेची गोळी किंवा ऑनलाइन मिळणारं तेल म्हणजे हे औषध नव्हे. त्यात काय आणि किती आहे, हे आपल्याला कळत नाही.

शेवटचं, आणि महत्त्वाचं : बॅक्लोफेन चालू असेल, तर ते मनाने एकदम बंद करू नका. झटके येऊ शकतात. त्याऐवजी आज रात्रीपासून वहीत रोज एक आकडा लिहा, शून्य ते दहा. औषध कुठलंही असो, डॉक्टरांसमोर ती वही तुमच्या बाजूने बोलेल.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.