शिल्पाचा वारसा कोणाचा?

(ओझर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)

अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाला कलेवर बोलावयास सांगणे हे संयोजकांचे धाडसच म्हटले पाहिजे. उत्पादन, वितरण आणि मालकी या तीन शब्दांभोवतीच माझे अध्यापन फिरत राहिले. आजही तेच शब्द घेऊन बोलणार आहे. फक्त धान्याच्या किंवा कापडाच्या जागी शिल्प असेल. प्रश्न असा आहे : शतकांपूर्वी दगडात घडविलेली आकृती आजचा चित्रकार आपल्या चित्रात नव्याने उभी करतो, तेव्हा तो नेमके काय करतो? आणि तसे करण्याचा त्याचा अधिकार कोणता?

हा प्रश्न ओझरला विचारण्यात औचित्य आहे. येथे विघ्नहराचे दर्शन घेऊन यात्रेकरू लेण्याद्रीला जातात. तेथे ज्या दालनात ते गिरिजात्मजापुढे हात जोडतात, ते मुळात बौद्ध भिक्षूंसाठी खोदलेला विहार होते. शेजारच्या चैत्यगृहात स्तूप आजही उभा आहे. पूर्वजांच्या दगडाला पुढच्या पिढ्यांनी नवा अर्थ देणे ही गोष्ट या डोंगराला अपरिचित नाही.

ही लेणी कोणाच्या पैशाने झाली, हे जुन्नर परिसरातील शिलालेख सांगतात. लेण्याद्रीच्या चैत्यगृहाचा दाता कल्याणचा रहिवासी होता. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने एक लेणे आणि पाण्याची पोढी दिली. बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. शेताचे उत्पन्न श्रेणीकडे ठेव म्हणून ठेवल्याच्या नोंदी आहेत. स्वतःला यवन म्हणविणारे दातेही त्यांत आहेत. म्हणजे ज्याला आपण आज प्राचीन वारसा म्हणतो, तो एका राजाचा, एका जातीचा किंवा एका देशाच्या लोकांचा कधीच नव्हता. मात्र त्या लेखांत दात्यांची नावे आहेत. ज्यांच्या छिन्नीने डोंगर पोखरला, त्यांची नावे बहुधा नाहीत. श्रम करणारा विस्मृतीत जातो आणि पैसा देणारा शिलालेखात राहतो, हा नियम फार जुना आहे.

आणि दगडही अमर नसतो. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राजकुलाच्या प्रतिमा होत्या. आज तेथे पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावे तेवढी उरली आहेत. तात्पर्य, वारसा केवळ राखून टिकत नाही. कोणीतरी तो पाहावा लागतो, पचवावा लागतो आणि आपल्या काळाच्या कामाला लावावा लागतो.

आता मुंबईकडे वळू. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झाले. तेथील अभ्यासक्रमात ग्रीक मूर्तींच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून रेखाटन करणे हा महत्त्वाचा भाग होता. मुंबईच्या किनाऱ्यावरून होडीने जाता येईल अशा घारापुरीला भव्य त्रिमूर्ती असताना, शरीराचे आदर्श प्रमाण मात्र अथेन्सहून यावे, ही परतंत्र देशाची स्थिती होती. बाजारपेठेची गुलामी आकड्यांत मोजता येते; डोळ्यांची गुलामी मोजता येत नाही, म्हणून ती अधिक काळ टिकते.

या गुलामीविरुद्ध १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला. त्यातील फ्रान्सिस न्यूटन सूझा हे गोव्याच्या साळगावचे. ‘चले जाव’ चळवळीतील सहभागामुळे १९४५ मध्ये त्यांना कलाशाळेतून काढून टाकण्यात आले होते. कृष्णाजी आरा घरगडी म्हणून आणि मोटारी धुऊन पोट भरीत आणि मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले होते. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा, १९१५ चा. मुंबईत ते सिनेमाचे फलक रंगवीत. हे दिवाणखान्यातले कलावंत नव्हते, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

१९४८ मध्ये हुसेन आणि सूझा दिल्लीला गेले. लंडनच्या रॉयल अकॅडमीत मांडलेले भारतीय कलेचे प्रदर्शन परत आल्यावर तेथील गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये, म्हणजे आजच्या राष्ट्रपती भवनात, भरले होते. त्यातूनच पुढच्या वर्षी राष्ट्रीय संग्रहालयाचा आरंभ झाला. मथुरेची आणि गुप्तकाळाची शिल्पे तेथे पाहून हुसेन हलून गेले. तो आपल्या आयुष्यातील वळणाचा क्षण होता, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले. गुप्तकालीन शिल्पांतून स्त्रीदेहाचा घाट, बसोहली चित्रांतून रंगांचा जोर आणि लोककलेतून निरागसता, अशी त्रिवेणी आपण जाणीवपूर्वक निवडली, हे त्यांचे म्हणणे आहे.

परंतु त्यांचे सर्वांत मोलाचे निरीक्षण वेगळेच आहे. खेड्यातली स्त्री चालते तेव्हा तिच्या देहाला पाय, कंबर आणि खांदा अशा तीन ठिकाणी बाक येतो आणि त्यांची एक लय होते, असे ते सांगत. शास्त्रकार ज्याला त्रिभंग म्हणतात तो हाच. मित्रहो, या विधानाचा अर्थ आपण नीट घेतला पाहिजे. डोक्यावर हंडा आणि काखेत पोर घेऊन कुकडीच्या काठाने चढण चढणारी बाई देवळातल्या यक्षीची नक्कल करीत नाही; यक्षीच तिच्यावरून घडली आहे. शिल्पकाराने श्रमणाऱ्या देहाची लय उचलली, धनिकांनी तिला मंदिरात बसविले, आणि शतकांनंतर एका फलक रंगविणाऱ्या माणसाने ती पुन्हा रस्त्यावर आणली. १९५४ चे ‘ग्रामयात्रा’ आणि १९५५ चे ‘जमीन’ ही चित्रे पाहा. त्यांत देवता नाहीत. दळण, गुरे, गाडी, शेतकरी आहेत. शिल्पाची प्रत तेथे काढलेली नाही; त्याचा घाट घेऊन त्याला नवा विषय दिला आहे. पुनर्निर्मिती म्हणतात ती हीच.

या कामाला दोन शत्रू भेटले. पहिला शत्रू पावित्र्याच्या पहारेकऱ्यांचा. सत्तरच्या दशकातील एका रेखाटनावरून १९९६ मध्ये हुसेन यांच्याविरुद्ध गदारोळ उठला, १९९८ मध्ये मुंबईतील त्यांच्या घरावर हल्ला झाला. मे २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भारतीय शिल्पपरंपरेचा दाखला देत अश्लीलतेचे खटले रद्द केले. तरीही पंढरपूरचा हा माणूस २०११ मध्ये लंडनला, परक्या देशाचा नागरिक म्हणून मरण पावला. प्राचीन शिल्पाचा अभिमान सांगणाऱ्यांनाच त्या शिल्पाची भाषा वाचता येत नव्हती, हा त्यातला विपर्यास आहे. कलाकृती कोणाला दुखवू शकते, हे मान्य. त्या दुःखाला उत्तर म्हणून टीका लिहावी, चर्चा करावी. दगड आणि खटले ही उत्तरे नव्हेत.

दुसरा शत्रू सभ्य कपड्यांत येतो. ‘ग्रामयात्रा’ दशकानुदशके ऑस्लोच्या एका रुग्णालयाकडे होते. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते सुमारे ११८ कोटी रुपयांना विकले गेले. आधुनिक भारतीय चित्राला तोवर मिळालेली ती सर्वांत मोठी किंमत. दळणाऱ्या बाईचे चित्र एवढ्याला जाते आणि दळणाऱ्या बाईची मजुरी काय, हे तुम्हाला मी सांगण्याची गरज नाही. किंमत वाढली म्हणून चित्र खोटे ठरत नाही. पण ज्यांच्या देहाची लय त्यात आहे, त्यांच्या दृष्टीआड ते जाते. पहिला शत्रू धाकाने वारसा हिरावतो, दुसरा दामाने.

कोणी विचारील, कांद्याच्या भावाची आणि पाण्याच्या पाळीची लढाई सोडून हे कशाला? लढाई सोडावयाची नाहीच. परंतु भाकरीबरोबर आत्मसन्मानही मागावयाचा असेल, तर आपल्या मुलांनी लेण्याद्रीला नवस फेडण्यासाठी जावे तसे स्तंभांवरील हत्ती-वाघ पाहण्यासाठी आणि तेथील लेखांत काय लिहिले आहे ते विचारण्यासाठीही जावे. शाळांनी रेखाटनाच्या वह्या घेऊन तेथे सहली न्याव्यात. जिल्ह्याच्या ठिकाणी सार्वजनिक कलादालने असावीत आणि त्यांसाठी अंदाजपत्रकात तरतूद व्हावी, ही मागणी आपल्या जाहीरनाम्यात रस्ते आणि दवाखान्यांच्या शेजारी बसली पाहिजे. ज्यांच्या पूर्वजांच्या हातांनी हा डोंगर कोरला, त्यांच्या नातवंडांना त्याचा नवा अर्थ लावण्याचा पहिला हक्क आहे. तो हक्क कोणी देणार नाही. तो बजावावा लागेल.