शिकलो खरं, पुढं काय झालं?



प्रशिक्षण संपलं की "समजलं का?" म्हटल्यावर सगळ्याच हात वर करतात. शिकलेलं कामी आलं का, हे त्या दिवशी कळत नाही. त्याच बाईला तेच प्रश्न सहा महिन्यांनी, वर्षानं, दोन वर्षांनी विचारावे लागतात.

हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेनं १९७५ पासून असंच केलं. सोलापूर जिल्ह्यातल्या शिरापूर आणि कळमणमध्ये प्रत्येकी ४० घरं निवडली. त्यांत १० घरं मजुरांची. त्याच घरांची शेती, मजुरी, खर्च वर्षानुवर्षं लिहून घेतला.

जांब समर्थमध्ये आपणही प्रत्येकीच्या नावाचं एक पान ठेवूया. काय शिकली, काम चालू आहे का, महिन्याला किती सुटतात, पैसा कुणाच्या हातात राहतो? ऊसतोडीला जाणाऱ्या बायांना निघायच्या आधी आणि परत आल्यावर विचारा. जिनं गट सोडला, तिचंही पान फाडू नका. टिकलेल्यांनाच विचारलं, तर प्रशिक्षण कायम यशस्वीच दिसणार!

आणि वर्षभर पानावर "शिवण येतं, मशीन नाही" असंच असेल, तर त्या बाईला दोष देऊ नका. ते पान ग्रामसंघाच्या बैठकीत ठेवा आणि मशीनसाठी कर्ज मागा.