वारसा जपायचा, तर आधी शिकायला हवा

(वारसासंवर्धनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमास प्रवेश घेतलेले विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यासमोर एका निवृत्त स्थापत्य अभियंत्याने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



११ जुलै २०२५ रोजी पॅरिस येथे भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या अधिवेशनात छत्रपती शिवरायांच्या आणि मराठ्यांच्या इतिहासाशी निगडित अशा बारा दुर्गांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांतील अकरा दुर्ग महाराष्ट्रात आहेत, तर बारावा, जिंजी, तमिळनाडूत. गावोगावी पेढे वाटले गेले. आनंद व्हायलाच हवा होता. परंतु मान मिळाला की दायित्वही येते. साल्हेरपासून सिंधुदुर्गापर्यंतचे हे तट आणि बुरूज पुढची शंभर वर्षे कोण सांभाळणार? त्यासाठी लागणारी माणसे आपण घडवीत आहोत काय? आज मला याच प्रश्नाविषयी बोलायचे आहे. प्रारंभ मात्र माझ्या स्वतःच्या एका चुकीपासून करतो.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वी मी नुकताच अभियंता झालो होतो. कोकणातील एका लहानशा गावाने मला देवळाच्या जीर्णोद्धारासाठी बोलावले. देऊळ जांभ्या दगडाचे, चुन्यात बांधलेले होते. भिंतींना ओल येत होती. मी पाहणी केली आणि विद्यापीठात शिकलो होतो त्याप्रमाणे सल्ला दिला : जुना चुना खरवडून काढा आणि आतबाहेर सिमेंटचा गिलावा करा. गावातील एक वृद्ध गवंडी बाजूला उभे होते. ते एवढेच म्हणाले, “सायब, चुना पाणी पितो नि सोडतो. तुमचं शिमीट ते आत कोंडून ठेवील.” मी हसलो. पदवी माझ्याजवळ होती ना!

दहा पावसाळे उलटल्यावर मी पुन्हा त्या गावी गेलो. गिलाव्याचे मोठमोठे पोपडे सुटले होते आणि त्यांच्याबरोबर दगडाचा दर्शनी थरही गळून पडला होता. जमिनीतून चढणारी ओल बाहेर पडण्यास वाट न मिळाल्याने सच्छिद्र जांभ्यात कोंडली गेली होती. तिच्याबरोबर आलेले क्षार दगडात साचून त्याचा भुगा करीत होते. ज्या भिंतींनी कित्येक पिढ्यांचा पाऊस अंगावर घेतला, त्या माझ्या सल्ल्याने दहा वर्षांत खचल्या. ते गवंडी तोपर्यंत निवर्तले होते. त्यांची क्षमा मागण्याची संधी मला मिळाली नाही.

माझे गणित चुकले नव्हते. भार, जाडी, प्रमाण, सारे बरोबर होते. चूक ही होती की मी एकच शास्त्र जाणत होतो आणि तेवढे पुरेसे आहे असे मानीत होतो. एखाद्या किल्ल्याचा बुरूज कलू लागला, तर त्याचे कारण सांध्यात शिरलेल्या पिंपळाच्या मुळात असेल, बुजलेल्या पाणवाटेत असेल, झिजून गेलेल्या चुन्यात असेल किंवा खालच्या खडकात असेल. म्हणजे वनस्पतिशास्त्र, जलव्यवस्था, रसायन आणि भूगर्भशास्त्र एकत्र यावयास हवे. शिवाय त्या बुरुजाची पूर्वी दुरुस्ती केव्हा आणि कशी झाली, हे एखाद्या मोडी कागदात नोंदलेले असू शकते. तो वाचणार कोण? अभियंत्याला मोडी येत नाही आणि मोडी जाणणारा सहसा बुरुजापर्यंत पोहोचत नाही.

अजिंठ्याचे उदाहरण घ्या. १९२०च्या सुमारास निजाम सरकारने तेथील भित्तिचित्रांच्या रक्षणासाठी इटलीहून दोन तज्ज्ञ आणले. चित्रे पक्की राहावीत म्हणून त्यांनी लाखेचे रोगण वापरले. हेतू चांगला होता, कौशल्यही होते. पण कालांतराने ते रोगण पिवळे पडले, त्यावर धूळ बसली आणि मूळ रंग झाकोळले. पुढे ते थर उतरविण्यात पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांची कित्येक दशके गेली. दूरदेशीचा तज्ज्ञ असो वा गावचा अभियंता, अपुऱ्या ज्ञानाने केलेली सेवाही इजा करते.

अनेक शास्त्रे एका छताखाली शिकविण्याची ही कल्पना विद्यापीठांत तशी नवी आहे. न्यूयॉर्कमधील पेनसिल्व्हेनिया स्टेशनची भव्य वास्तू १९६३ पासून पाडण्यात आली आणि त्या शहराला हळहळ वाटली. १९६४ मध्ये तेथील कोलंबिया विद्यापीठात जेम्स मार्स्टन फिच यांनी ऐतिहासिक वास्तुरक्षणाचे पदव्युत्तर शिक्षण सुरू केले. आपल्या वृत्तीला मात्र ही कल्पना परकी नाही. पुण्यातील ग. ह. खरे यांचे स्मरण करा. फार्सी, मोडी, शिलालेख, मूर्तिशास्त्र या सर्वांत त्यांची गती होती. ते जे एकट्याने आयुष्यभर केले, ते आता अभ्यासक्रमाने व्यवस्थित रीतीने करावयाचे आहे.

मात्र आपल्या वर्गात अजून एक आसन रिकामे आहे. ते त्या वृद्ध गवंड्याचे. चुना किती दिवस भिजवावा, घाणीत किती मळावा, त्यात गूळ, बेलफळ वा हिरडा केव्हा घालावा, हे त्याच्या हाताला ठाऊक असते. रायगडावर जगदीश्वराच्या पायरीशी हिरोजी इंदुलकरांचे नाव आजही दगडात आहे. बांधणाऱ्याचा मान राखणारी ती परंपरा आपल्या विद्यापीठांनीही पाळावी. कारागिराला केवळ मजूर म्हणून न बोलाविता गुरू म्हणून बोलवावे.

दोन शब्द आपल्या कार्यकर्त्यांसाठी. रविवारी किल्ल्यावर जाऊन श्रमदान करणारे तरुण पाहिले की ऊर भरून येतो. परंतु झुडूप उपटताना सांधा निखळतो, निसटलेला चिरा हलविला की त्याची मूळ जागा कायमची हरवते. प्राचीन देवळाच्या कोरीव दगडाला तैलरंग फासणे, गाभाऱ्यात चकचकीत फरशा बसविणे ही भक्ती खरी असली तरी तीत माझ्यासारखीच चूक दडलेली असते. संरक्षित वास्तूंसाठी केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा कायदा आहे. अनुमती घ्या, जाणकार सोबत घ्या, आधी छायाचित्रे आणि मोजमापे नोंदवा, मगच हात लावा.

आणि पालकहो, मुलगा किंवा मुलगी ‘मला जुन्या वास्तूंचे शास्त्र शिकायचे आहे’ असे म्हणाली, तर ‘यात पुढे काय?’ असे विचारून तिचा उत्साह मोडू नका. आपण मुलांना शिवचरित्र सांगतो, किल्ले दाखवितो. त्यांतील काहींनी ते किल्ले राखण्याचे शास्त्र शिकावे, ही त्या संस्कारांचीच पुढची पायरी होय.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणी उद्या एखाद्या गावच्या देवळापुढे उभा राहील आणि बाजूला एखादा म्हातारा गवंडी काही सांगू पाहील. त्या वेळी हसू नका. वही काढा आणि लिहून घ्या. माझे ते देऊळ आता मूळ रूपात परत येणार नाही. तुमच्या हाती येणारे मात्र वाचू शकेल.