नव्याण्णव वर्षांचे घर

(मंडळाच्या वर्धापनदिनी लंडन येथे केलेले भाषण)



हळदीकुंकवाला पानसुपारी फिरवणे हे माझे काम. भाषण करण्याची मला सवय नाही. पण मागच्या बैठकीत माझ्या फ्लॅटच्या पट्ट्याची हकिकत निघाली आणि चिटणीसबाईंनी ती सर्वांपुढे सांगण्याचा आग्रह धरला, म्हणून उभी राहिले आहे.

आम्ही २००१ साली येथे फ्लॅट घेतला. २०१५ साली कर्ज फिटले, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवून म्हटले, "आता घर आपले झाले." पुढल्याच वर्षी यजमान गेले. २०१९ साली मुलीजवळ राहावे म्हणून मी घर विकायला काढले. गिऱ्हाईकही ठरले. इतक्यात त्यांच्या वकिलाचे पत्र आले की, पट्ट्याची ७९च वर्षे उरली आहेत. मुदत वाढवल्याखेरीज व्यवहार नाही. मला तर हसूच आले. मी सहासष्ट वर्षांची. मला ७९ वर्षे कमी कशी पडावीत?

माझ्या वकीलबाईंनी समजावून सांगितले, तेव्हा हसू मावळले. इंग्लंड-वेल्समध्ये फ्लॅट विकत घेतला म्हणजे बहुधा ठराविक मुदतीचा हक्क घेतलेला असतो. आमचा पट्टा १९९९ पासून ९९ वर्षांचा. मुदत सरत जाते तशी घराची किंमत उतरते आणि मुदतवाढ महाग होते. त्यात तेव्हाच्या नियमाप्रमाणे ८० वर्षांची एक रेघ होती. उरलेली मुदत त्या रेघेखाली गेली की, पट्टा वाढल्याने जी जादा किंमत निर्माण होते तिचा अर्धा हिस्सा जमीनमालकाला द्यावा लागे. ती रेघ आम्ही आदल्याच वर्षी ओलांडली होती!

पट्ट्याचा कागद यजमानांच्या ट्रंकेत तळाशी होता. दर दिवाळीला मी ती ट्रंक पुसत असे. आतला कागद मात्र एकदाही वाचला नाही. ते पुरुषांचे काम, अशी माझी समजूत.

मग जमीनमालकाच्या माणसाचे गोड पत्र आले. कायद्याच्या भानगडीत पडू नका, आम्ही स्वस्तात मुदत वाढवून देतो. फक्त जमिनीचे भाडे वर्षाला २०० पौंड, आणि दर दहा वर्षांनी दुप्पट. मी सही करणारच होते. आमच्या जिन्यावरच्या गुजराती बहिणींनी हात धरला आणि पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला: ४००, ८००, १६००, ३२००, पन्नास वर्षांनी ६४०० पौंड! असले घर कोण विकत घेणार?

आम्ही १९९३ च्या कायद्याप्रमाणे रीतसर नोटीस दिली. त्या कायद्याने उरलेल्या मुदतीत ९० वर्षांची भर पडते आणि जमिनीचे भाडे शून्य होते. नोटीस दिली त्या तारखेचीच किंमत धरली जाते. पुढे मालकाने कितीही वेळकाढूपणा केला तरी आपल्या मुदतीचा काटा तेथेच थांबतो. आकड्यावर एकमत झाले नाही, तर न्यायाधिकरणाकडे जाता येते. सव्वा वर्ष गेले, आणि पहिले गिऱ्हाईकही गेले. माझा वकील आणि मूल्यमापक, शिवाय मालकाच्या वकिलाचा व मूल्यमापकाचा वाजवी खर्चही माझ्याच डोक्यावर. शेवटी सासूबाईंनी घातलेल्या पाटल्या मोडाव्या लागल्या. तो कागद वर्षभर आधी वाचला असता, तर त्या आज नातीच्या हातात असत्या. हे शल्य अजून आहे.

त्यानंतर कायदा बदलत आहे. पूर्वी घर घेतल्यावर दोन वर्षे थांबावे लागे. ती अट जानेवारी २०२५ मध्ये गेली. २०२४ च्या कायद्यात ९९० वर्षांची मुदतवाढ आणि त्या अर्ध्या हिश्श्याची माफी लिहिली आहे. पण त्याची कलमे टप्प्याटप्प्याने लागू होतात. म्हणून नोटीस देण्याआधी त्या दिवशी कोणते कलम चालू आहे, हे या कामातल्या जाणत्या वकिलाला विचारावे. आणि गोड पत्रावर घाईने सही करू नये.

माझे घर आता १६९ वर्षांचे आहे. मी ते विकले नाही. मुलगीच जवळ राहायला आली. भगिनींनो, माझे मागणे एवढेच, की येत्या दिवाळीला ट्रंक नुसती पुसू नका. उघडा, कागद काढा आणि वर्षे मोजा. पट्टा सापडला नाही तर सरकारच्या भूमीनोंदणी कचेरीतून थोड्या फीत नक्कल मिळते. वाचताना अडले, तर माझ्याकडे या. चहा मी करीन.