पाण्याखालील दृष्टी आणि विसरवाडीचा विद्यार्थी



सुरत-धुळे महामार्गावरील विसरवाडीसारख्या, समुद्रापासून दूर असलेल्या गावी पाण्याखालील यंत्रमानवाचा विषय काढणे प्रथमदर्शनी अस्थानी वाटेल. परंतु नवापूर तालुक्याला पाण्याची ओळख करून द्यावी लागत नाही. 1972 मध्ये तापीवरील उकाई धरण पूर्ण झाले आणि त्याच्या जलाशयाने या तालुक्यातीलही गावे पोटात घेतली. ऑगस्ट 2018 च्या पुरात तालुक्यात जीवितहानी झाली. धरणाच्या दारांची पाण्याखालील बाजू तपासण्यासाठी किंवा बुडालेल्या माणसाच्या शोधासाठी आजही पाणबुड्याला जीव धोक्यात घालून उतरावे लागते. त्याच्या जागी यंत्र उतरविणे, हा या विद्येचा एक मोठा हेतू होय.

हे यंत्र चित्रपटातील यंत्रमानवासारखे हातपाय असलेले नसते. बहुधा ती बंदिस्त नळकांडी असते; तिला पंखे, विजेऱ्या, कॅमेरे आणि छोटा संगणक जोडलेला असतो. खरी अडचण पाण्यात शिरल्यावर सुरू होते. रेडिओ लहरी पाण्यात फार दूर जात नाहीत, त्यामुळे उपग्रहाकडून ठिकाण कळत नाही. संदेशासाठी ध्वनीचा आधार घ्यावा लागतो. तो पाण्यात सेकंदाला सुमारे 1,500 मीटर वेगाने जातो. तांबडा प्रकाश वरच्या काही मीटरांतच शोषला जातो आणि खोलवर सारे हिरवे-निळे दिसू लागते. त्यात गाळ असला, की यंत्राचाच दिवा कणांवरून परतून कॅमेऱ्याला आंधळे करतो. धुक्यात मोटारीचे दिवे प्रखर केल्यावर घाटात जे होते, तेच येथे घडते. अशा चित्रातून भेग कोणती व शेवाळ कोणते हे संगणकाला ओळखावयास शिकविणे म्हणजे संगणकदृष्टी.

या विषयात पीएच.डी. करणाऱ्या संशोधकाची पूर्वतयारी केवळ संगणकाच्या वर्गात होत नाही. पवईच्या आय.आय.टी.तील विद्यार्थ्यांनी ‘मत्स्य’ नावाची स्वयंचलित पाणयाने बांधली व अमेरिकेतील स्पर्धेत उतरविली. त्यांच्या चमूत यंत्र, वीज आणि संगणक या तिन्ही शाखांची मुले एकत्र काम करतात. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने ‘माया’ हे छोटे यान घडविले. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचे दूरनियंत्रित यान 2010 मध्ये मध्य हिंदी महासागरात 5,289 मीटर खोलवर पोहोचले. या कामांत गणिताइतकेच महत्त्व पाणी आत शिरू न देणाऱ्या रबरी कड्याला असते. एक कडे चुकीचे बसले, तर वर्षाची मेहनत बुडते. म्हणून त्रिकोणमिती, सदिश आणि संभाव्यता यांबरोबर डाख लावणे, पंप उघडून पुन्हा जोडणे हेही शिक्षणच मानावयास हवे. शाळेत हे काम ‘हुशार मुलांचे नव्हे’ असे समजले जाते. ही समजूत घातक आहे.

आणखी एक गोष्ट. स्वच्छ निळ्या समुद्रातील चित्रांवर शिकविलेला संगणक तापीच्या गढूळ पाण्यात गोंधळतो. येथील पाण्याची माहिती येथेच जमवावी लागेल आणि त्याची सुरुवात शाळेला परवडते. इटालियन शास्त्रज्ञ सेकी यांनी 1865 मध्ये वापरलेली युक्ती आजही उपयोगी आहे. सुमारे 20 सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चतकोरांची वजनदार तबकडी दोरीने पाण्यात सोडावी; ती दिसेनाशी होईल ती खोली मोजावी; वर ओढताना पुन्हा दिसू लागेल तीही टिपावी आणि दोहोंची सरासरी घ्यावी. मोजणी शिक्षकांच्या देखरेखीखाली, नावाड्याच्या सोबतीने व अंगात जीवरक्षक जाकीट घालून करावी. पावसाळी पुरात मुळीच नव्हे. ठराविक जागी, दर पंधरवड्याला दुपारच्या सुमारास नोंद ठेवली, तर वर्षअखेर विज्ञानाच्या वहीत त्या जलाशयाच्या पारदर्शकतेचा आलेख तयार असेल. दोरीवर गाठी कशा माराव्यात, हे मासेमारी करणाऱ्या कुटुंबांतील मुले शिक्षकांनाही शिकवतील.